परक्या देशात राहायला गेल्यावर बँक खातं उघडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या देशात पहिल्या महिन्यात जे काही अडतं, ते फिरून फिरून बँकेपाशी येऊन अडतं. पगार, घरभाडं, फोनचं बिल, विमा, सगळ्यांनाच खाते क्रमांक हवा असतो. मी स्वतः दोन देशांत अगदी कोऱ्या पाटीने खातं उघडलंय, आणि नंतर नव्याने आलेल्या बऱ्याच जणांसोबत बँकेत जाऊन बसलेय. तेच तेच प्रश्न येतात आणि विचारणारा बहुतेक वेळा घाबरलेला असतो, म्हणून उत्तरं जरा सविस्तर लिहितेय. नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे जिथे ठरावीक देशाचा नियम सांगितलाय तिथे त्या देशाचं नाव घेतलंय.

'रहिवासी' म्हणजे नक्की कोण? माझ्याकडे व्हिसा आहे, तो पुरत नाही का?

रहिवासी हा एकच शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरला जातो, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. परदेशी नागरिक विभागाच्या लेखी राहण्याचा परवाना असला की तुम्ही रहिवासी. कर विभाग तुम्ही वर्षातून किती दिवस राहता, घरदार कुठे आहे हे बघतो. बँकेचं मोजमाप आणखी वेगळं असू शकतं. जपान हे त्याचं ठळक उदाहरण. तिथे निवासी कार्ड हातात असलं, तरी नोकरी नसलेल्या परदेशी माणसाला पहिले सहा महिने परकीय चलन कायद्याखाली साधारणपणे 'अनिवासी'च धरतात. म्हणून बऱ्याच बँका त्या काळात खातं देत नाहीत, किंवा दिलं तरी व्यवहारांवर मर्यादा घालतात. तिथल्या एखाद्या कंपनीत नोकरीला लागलेल्याला मात्र ही अट आड येत नाही. तेव्हा चौकशी करताना 'मला खातं मिळेल का' एवढंच विचारू नका. 'मी इथे अमुक तारखेला आले, अमुक परवान्यावर आहे, अमुक काम करते, तुमच्याकडे कोणतं खातं मिळेल' असं विचारा. प्रश्न नेमका असला की उत्तरही नेमकं मिळतं.

नुसता फिरायला आलोय, तरी खातं निघेल का?

बहुतेक ठिकाणी अवघड आहे. काही देशांत अनिवाशांसाठी वेगळं खातं असतं, स्पेनमध्ये तो प्रकार चांगला रुळलेला आहे. बाकी हे पान राहायला आलेल्यांसाठी आहे.

कागदपत्रं कोणती लागतात?

यादी बँकेगणिक बदलते, पण बँक शोधत असते त्या गोष्टी तीनच: हा माणूस कोण, राहतो कुठे आणि याच्या खात्यात पैसा येणार कुठून. काळ्या पैशाला आळा घालायचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, ते बँकेला हे विचारायला भाग पाडतात. काउंटरवरची बाई तुमच्यावर संशय घेत नसते, तिच्यासमोरच्या स्क्रीनवर रकाने भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नसतं. हे एकदा लक्षात आलं की मनावरचा ताण बराच उतरतो.

'कोण'साठी पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना. 'पैसा कुठून'साठी नोकरीचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र किंवा प्रवेशाचा दाखला. सोबत कर क्रमांक. इटलीत कोदिचे फिस्काले, स्पेनमध्ये एनआयई, नेदरलँड्समध्ये बीएसएन, स्वीडनमध्ये पेरशोनन्यूमर. हा क्रमांक मिळायला वेळ लागतो, म्हणून पोचल्यावर सगळ्यात आधी त्याच्या मागे लागा.

'राहतो कुठे' या प्रश्नाने मात्र भल्याभल्यांना रडवलंय. त्याला वेगळं उत्तर हवं.

घरमालक बँक खातं मागतो आणि बँक घराचा पत्ता मागते. यातून सुटायचं कसं?

हा फेरा खरा आहे, तुमच्याच वाट्याला आलाय असं समजू नका. साखळीतली सगळ्यात सैल कडी शोधायची आणि तिथून ती तोडायची. ती कडी बहुतेक वेळा बँकेत नसते, घराच्या किंवा नोकरीच्या बाजूला असते.

पहिल्या महिन्याचं भाडं दुसऱ्या देशातल्या खात्यातून पाठवू का, असं घरमालकाला सरळ विचारा. पुष्कळ जण हो म्हणतात, कारण त्यांना भाडं वेळेवर येण्याशी मतलब असतो. नोकरी असेल तर मनुष्यबळ विभागाकडून, शिकायला आला असाल तर विद्यापीठाकडून पत्र मागा, त्यात तुमचा आत्ताचा पत्ता लिहून घ्या. ब्रिटनमध्ये विद्यापीठं खास बँकेसाठीच असं पत्र देतात, आणि विद्यार्थ्याला तेच सगळ्यात उपयोगी पडतं. पत्त्याची सरकारी नोंदवही तिथे नाही, त्यामुळे बाकीच्यांकडे कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचं, किंवा विजेचं बिल मागितलं जातं. मोबाईलचं बिल बऱ्याच बँका घेत नाहीत, त्याच्या भरवशावर जाऊ नका.

फ्रान्समध्ये कुणाच्या घरी उतरला असाल तरी चालतं. यजमानाने 'ही व्यक्ती माझ्याकडे राहते' असं सही करून लिहून द्यायचं, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि त्याच्या घराचं एखादं ताजं बिल. जर्मनीत घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो. नोंदणीचा जो कागद हातात पडतो, तो बँकेसह सगळीकडे चालतो. म्हणून तिथे तात्पुरती खोली घेताना भाडं किती, याच्या आधी 'नोंदणीचा फॉर्म सही करून द्याल ना' हे विचारा. पत्ता नोंदवता येत नसेल तर स्वस्तातली खोलीही महाग पडते.

आणि एक कळकळीची विनंती. जिथे राहत नाही, त्या पत्त्यावर खातं उघडू नका. ओळखीचं कुणीतरी 'माझा पत्ता घाल' म्हणतं, आणि त्या घडीला ते सोपंही वाटतं. पण पुढे बँकेची प्रत्येक चिठ्ठी, प्रत्येक पिन त्या दारात जाते, आणि पत्ता खोटा निघाला की खातं गोठतं.

खातं उघडल्याचा ईमेल आला, पण कार्ड आलंच नाही. काय झालं असेल?

आधी तुमच्या टपालपेटीवर कुणाचं नाव आहे ते बघा.

माझ्या पहिल्या परदेशी खात्याचं कार्ड दोनदा परत गेलं. बँक म्हणे पाठवलं, मी म्हणे मिळालं नाही. तीन आठवडे असेच गेले. शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी मला हाताला धरून जिन्याखाली नेलं आणि आमच्या पेटीकडे बोट दाखवलं. तिच्यावर आधीच्या भाडेकरूचंच नाव होतं. त्या देशात पत्त्यात खोलीचा क्रमांक लिहीत नाहीत, पोस्टमन फक्त पेटीवरचं आडनाव वाचतो. मी वहीचं पान फाडलं, पासपोर्टवर आहे तसंच नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि चिकटपट्टीने लावलं. चार दिवसांनी पाकीट आलं.

कार्ड आणि पिन मुद्दाम वेगवेगळ्या पाकिटांतून, वेगवेगळ्या दिवशी येतात. एकच पाकीट आलं म्हणून घाबरू नका आणि आलेलं पाकीट न वाचता टाकूनही देऊ नका. वरून जाहिरातीसारखं दिसणारं पाकीट पुष्कळदा नेमकं तेच असतं.

माझं नाव प्रत्येक कागदावर वेगळं छापलंय. अडचण येईल?

येईल, आणि ती पहिल्याच दिवशी सोडवलेली बरी. पासपोर्टवरच्या फोटोच्या पानाच्या तळाशी ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. यंत्र त्या वाचतं, आणि बँकेच्या संगणकात साधारणपणे तेच नाव उतरतं. तीन भागांचं नाव असणाऱ्यांचा मधला भाग कधी पहिल्या नावाला चिकटतो, कधी गळून पडतो. आडनावाचा रकानाच रिकामा असेल तर आणखी घोळ. अमेरिकेच्या व्हिसावर अशा वेळी सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं. ते 'नाव अज्ञात' या अर्थाचं लघुरूप आहे, तुमचं नाव नव्हे. एकाच्या कार्डावर ते खरोखर पहिलं नाव म्हणून छापून आलेलं मी बघितलंय. कार्ड बदलून मिळालं, पण त्याला हेलपाटे घालावे लागले.

पूर्वी अशा फरकाकडे कुणी फारसं बघत नसे. आता दिवस बदलले. ब्रिटनमध्ये २०२० पासून मोठ्या बँका पैसे पाठवण्याआधी खाते क्रमांकाशी नाव जुळतं का ते तपासतात. युरो चलनाच्या देशांत ९ ऑक्टोबर २०२५ पासून ही तपासणी बँकांना बंधनकारक झाली. म्हणजे पगारपत्रकावर एक नाव आणि खात्यावर दुसरं असेल, तर पैसे पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवर 'नाव जुळत नाही' असा इशारा येतो. खातं उघडताना अधिकाऱ्याने टंकलेलं नाव स्क्रीनवर किंवा छापील फॉर्मवर एकेक अक्षर वाचून बघा, मग सही करा. आणि तेच नाव, त्याच क्रमाने, नोकरीच्या ठिकाणी द्या.

कर क्रमांक अजून आलेला नाही. तोवर काहीच होणार नाही का?

असं नाही. अमेरिकेत 'सोशल सिक्युरिटी क्रमांक आणा मगच या' असं सांगून शाखेतून परत पाठवलेले लोक मला भेटलेत. तिथल्या संघीय नियमानुसार परदेशी नागरिकाला खातं उघडताना ओळख क्रमांक म्हणून पासपोर्ट क्रमांक आणि तो देणाऱ्या देशाचं नाव देता येतं. पण बँक स्वतःचं धोरण त्याहून कडक ठेवू शकते, तो तिचा अधिकार आहे. म्हणून तिथे वाद घालण्यात वेळ घालवू नका. विद्यापीठाजवळची किंवा परदेशी कर्मचारी जास्त असलेल्या भागातली शाखा गाठा, तिथल्या लोकांच्या हाताखालून असे अर्ज रोज जातात. युरोपातल्या काही बँका 'क्रमांक नंतर कळवा' म्हणून खातं उघडून देतात. किती दिवसांत कळवायचा ते मात्र लिहून घ्या.

'तुम्ही आणखी कोणत्या देशात कर भरता?' हा प्रश्न कशासाठी?

कारण बँकेला ते कायद्याने विचारावं लागतं. ओईसीडी या संस्थेने २०१४ मध्ये खात्यांची माहिती देशोदेशींच्या कर विभागांनी आपसात कळवायची पद्धत आखून दिली, आणि २०१७ पासून माहितीची देवाणघेवाण सुरू झाली. आज शंभराहून जास्त देश आणि प्रदेश त्यात आहेत. अमेरिका त्यात नाही, तिचा २०१० चा स्वतंत्र कायदा आहे, 'फाटका' (FATCA) नावाचा. म्हणून अमेरिकी नागरिकांना जगात कुठेही खातं उघडताना जास्तीचे फॉर्म भरावे लागतात.

इथे खरं तेच लिहा. दुसऱ्या देशात खातं असणं हा गुन्हा नाही, ते लपवणं अंगाशी येतं. देश बदलल्याचं जुन्या बँकेलाही कळवा.

बँकेने नाही म्हटलं. आता?

एका बँकेचा नकार म्हणजे त्या देशाचा नकार नव्हे. हे मी अगदी मनापासून सांगते, कारण पहिल्या नकारानंतर माणसं खचतात आणि महिनोन्‌महिने मित्राच्या खात्यात पगार घेत राहतात.

युरोपीय संघात २०१४ च्या निर्देशानुसार संघात कायदेशीरपणे राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मूलभूत खातं मिळण्याचा हक्क आहे. कायमचा पत्ता नसला तरी आणि आश्रयासाठी अर्ज केलेला असला तरी. पूर्ण भरलेला अर्ज मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने खातं द्यायचं किंवा नकार कळवायचा, असं त्यात आहे. पैसे भरणं, काढणं, पाठवणं आणि कार्डाने खरेदी, एवढं त्या खात्यात मिळतंच. खात्यात नसलेले पैसे उचलायची सोय मात्र सहसा नसते. जर्मनीत २०१६ पासून याला बाझिसकोंटो म्हणतात. काउंटरवर नुसतं 'खातं हवंय' म्हटलं तर हा फॉर्म पुढे येईलच असं नाही, त्याचं नाव घेऊन मागावा लागतो. फ्रान्समध्ये नकाराचं पत्र घेऊन बांक द फ्रान्स या मध्यवर्ती बँकेकडे जायचं, ती एखादी बँक नेमून देते आणि त्या बँकेला खातं उघडावंच लागतं.

कॅनडातही ओळख पटवता येत असेल तर नोकरी नाही, खात्यात टाकायला लगेच पैसे नाहीत किंवा पूर्वी दिवाळं निघालंय, एवढ्या कारणावरून बँक खातं नाकारू शकत नाही. अमेरिकेत असा सरसकट हक्क नाही, तिथे दुसऱ्या बँकेचं किंवा क्रेडिट युनियनचं, म्हणजे सभासदांच्या पतसंस्थेचं, दार ठोठवावं लागतं.

कुठेही असा, नकार लेखी मागा. लेखी मागितल्यावर अधिकारी पुन्हा एकदा नियम उघडून बघतात, आणि पुष्कळदा काम तिथेच होतं. नाहीच झालं, तर तक्रारीसाठी हातात कागद असतो.

फोनवरच्या ॲपमधून दहा मिनिटांत खातं मिळतं म्हणतात. मग शाखेत कशाला जायचं?

पहिल्या काही आठवड्यांसाठी ॲप उत्तम आहे, मीही तेच सुचवते. पण ते 'बँक' आहे की परवानाधारक 'ई-मनी' कंपनी, म्हणजे बँक नसलेलं डिजिटल पाकीट, हे आधी बघा. ई-मनी कंपनीने ग्राहकांचे पैसे वेगळे जपून ठेवायचे असतात, पण बँकेतल्या ठेवींवर असतो तो ठेव विमा त्या खात्याला नसतो. ठेव विम्याची मर्यादा युरोपीय संघात एका बँकेत एका माणसाला १ लाख युरो, अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात प्रत्येकी अडीच लाख डॉलर आपापल्या चलनात, जपानमध्ये १ कोटी येन आणि त्यावरचं व्याज. पगार आणि बचत बँकेत ठेवा, रोजच्या खर्चापुरतं ॲपमध्ये.

दुसरी अडचण क्रमांकाची. आयबॅन म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक. त्याची पहिली दोन अक्षरं देशाची असतात, आणि ॲपचा क्रमांक बरेचदा भलत्याच देशाचा निघतो. मग घरमालक किंवा फोन कंपनी म्हणते, 'आमच्याकडे इथलाच क्रमांक चालतो.' युरो व्यवहारांसाठी हे म्हणणं नियमाला धरून नाही. युरोतल्या व्यवहारांच्या २०१२ च्या सेपा (SEPA) नियमावलीच्या नवव्या कलमानुसार खातं अमुकच देशातलं असावं अशी अट त्यांना घालता येत नाही. कलमाचा उल्लेख करून शांतपणे ईमेल लिहा.

शुल्क किती पडतं?

मासिक शुल्क, किमान शिल्लक, दुसऱ्या बँकेच्या यंत्रातून पैसे काढणं आणि परदेशी रक्कम पाठवणं, या चार गोष्टी विचारा. परदेशी पाठवताना 'शुल्क शून्य' दिसलं तरी चलनाचा दर बघा, खरी वसुली तिथे असते.

येताना रोख पैसे आणले तर?

आणा, पण नियमात. युरोपीय संघाच्या बाहेरून येताना १० हजार युरो किंवा जास्त रोख असेल तर सीमेवर घोषित करावी लागते, अमेरिकेत १० हजार डॉलरहून जास्त असेल तर. घोषणेवर कर लागत नाही, तो फक्त एक फॉर्म आहे. त्याची प्रत जपून ठेवा, खात्यात भरताना तोच पुरावा. बँक विचारेल या भीतीने रकमेचे तुकडे करून भरू नका. मोठ्या रोख रकमेचा अहवाल बँकेला सरकारकडे द्यावा लागतो, आणि अमेरिकेत तो टाळण्यासाठी असं करणं हाच वेगळा गुन्हा आहे, पैसा अगदी कष्टाचा असला तरी.

ओळखीचा एकजण म्हणतो, 'तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, पुढे पाठव, काही तू ठेव.' हरकत आहे का?

मोठी हरकत आहे. नाही म्हणा.

हा प्रश्न मला एका विद्यार्थ्याने विचारला तेव्हा पैसे येऊन गेलेले होते. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ओळख झालेला मुलगा, 'माझं खातं बंद पडलंय, नऊशे येतील, आठशे पुढे पाठव, शंभर तुझे.' तीन दिवसांनी याचं खातं गोठलं आणि त्यातच त्याची फी अडकली. तो माझ्यासमोर फोन धरून बसला होता, स्क्रीनवर एकच ओळ, 'आपले खाते तपासणीखाली आहे.' ते नऊशे कुणा फसवल्या गेलेल्या माणसाचे होते. चोरीचा पैसा फिरवायला नवख्यांची खाती हवी असतात, कारण ती स्वच्छ असतात आणि खातेदाराला इथले नियम ठाऊक नसतात. ब्रिटनमध्ये अशी नोंद फसवणुकीच्या सामायिक यादीत सहा वर्षांपर्यंत राहू शकते, आणि तोवर दुसरी बँक दारात उभं करत नाही.

आधीच अडकला असाल तर पुढे एक पैसाही पाठवू नका. संदेश पुसू नका. स्वतःहून बँकेला फोन करा आणि शिकत असाल तर विद्यापीठाच्या सल्ला केंद्रात जा.

देश सोडताना खातं तसंच राहू दिलं तर चालेल का?

लगेच बंद करू नका आणि वाऱ्यावरही सोडू नका. घराची अनामत, शेवटच्या महिन्याचा पगार, कराचा परतावा, हे सगळं तुम्ही निघून गेल्यावर येतं. काही बँका परदेशी पत्त्यावर खातं ठेवू देतात, काही नाही, ते निघायच्या महिनाभर आधी विचारा.

सगळ्यात जास्त माणसं फोनच्या सिमपायी अडकतात. निघायच्या आदल्या दिवशी स्थानिक सिम बंद करतात, आणि मग खात्यात शिरायचा ओटीपी त्या मेलेल्या क्रमांकावर जात राहतो. आधी बँकेत नवा क्रमांक नोंदवा, एकदा त्यावरून आत जाऊन बघा, मगच सिम बंद करा.

निघताना कुणी 'वापरत नाहीस तर खातं मला दे, पैसे देतो' म्हणालं, तर देऊ नका. जपानमध्ये खातं किंवा पासबुक विकणं हा गुन्हा आहे, आणि मायदेशी परतणाऱ्यांना गाठून ती विकत घेणारे लोक तिथे खरोखर फिरतात.

खातं बंद करायच्या दिवशी सगळी जुनी विवरणपत्रं उतरवून घ्या, खातं बंद झालं की ॲपही बंद होतं. शिल्लक शून्य केल्यावर बंद केल्याचं पत्र मागा, आणि ते पासपोर्टच्या प्रतीसोबत एकाच फाईलमध्ये ठेवा.